एका घरावर तीन पाट्या

विमानप्रवास ही आता केवळ धनिकांची चैन उरलेली नाही. गारखेड्यातील नोकरदारास मुंबईचे काम त्वरेने उरकावयाचे असेल, तर त्याची दृष्टी प्रथम चिकलठाण्याच्या विमानतळाकडे वळते. जेट एअरवेजच्या ‘जेट कनेक्ट’ या अल्पायुषी प्रयोगाचा विचार आमच्या शहराने करावा, तो याचसाठी.

जेटने 2007 साली सुमारे 1450 कोटी रुपयांस एअर सहारा घेऊन तिचे ‘जेटलाइट’ असे नामकरण केले. पुढे मंदीने प्रवासी आटले, तेव्हा मे 2009 मध्ये ‘कनेक्ट’ हे दुसरे स्वस्त नाव पुढे आले. एका घरावर तीन पाट्या लागल्या. आपण कोणत्या दारातून आत शिरत आहो, हे प्रवाशास उमगेना. 2012 मध्ये जेटलाइट कनेक्टमध्ये विरली आणि डिसेंबर 2014 मध्ये कनेक्टचीही पाटी उतरली.

असे का व्हावे? जेवणाचे ताट काढून घेतले म्हणजे विमान स्वस्त होत नाही. कनेक्टची विमाने जेटच्याच ताफ्यातील. नाव कथलाचे, खर्च मात्र सोन्याचा! 2006 साली आलेल्या इंडिगोने एकच नाव, एकाच प्रकारची विमाने आणि जमिनीवर कमीत कमी खोळंबा, हे पथ्य पहिले दशकभर पाळले. तिकिटाची स्वस्ताई या शिस्तीतून येते, रंगरंगोटीतून नव्हे. किंगफिशरनेही 2011 मध्ये आपले ‘रेड’ हे स्वस्त नाव गुंडाळले. पुढल्याच वर्षी ती कंपनीच थांबली.

केवळ कनेक्टमुळे जेट बुडाली, असे आम्ही म्हणत नाही. कर्जाचा डोंगर मोठा होता. परंतु 17 एप्रिल 2019 रोजी जेटचे उड्डाण थांबले, तेव्हा मुंबईकरास दुसरे विमान मिळाले. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहराच्या मोजक्या हवाई धाग्यांपैकी मात्र एक तुटला.

2024 च्या विलीनीकरणानंतर टाटा समूहानेही एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्सप्रेस अशी दोन नावे राखली आहेत. दोहोंचे हिशेब खरोखर निराळे राहिले, तरच ती टिकतील. आमच्या लोकप्रतिनिधींनी व उद्योजकांनी नवी विमानसेवा मागताना आरंभीच्या सवलतीस भुलू नये. ही सेवा कोणत्या हिशेबावर, किती वर्षे चालणार, हा प्रश्न त्यांनी आधी विचारावा. स्वस्त तिकिटापेक्षा उद्याही येणारे विमान या शहरास अधिक मोलाचे आहे.