चारही चाकांना जोर, चाळीस टक्के कर

सिंगापूरच्या ईशान्येला वसलेल्या हौगांगमध्ये खराब रस्ता ही कल्पनाच परकी वाटते. देशातील सर्वांत उंच नैसर्गिक जागा, बुकित तिमाहची टेकडी, अवघी १६३ मीटर उंच आहे. पाऊस बारमाही असला तरी त्याने डांबर वाहून नेल्याचे ऐकिवात येत नाही. असे असूनही तेथील मराठी घरांत फोर-बाय-फोर गाडीचा विषय निघतो, आणि तो सिंगापूरसाठी क्वचितच निघतो. वेल्ह्याकडे घेतलेला जमिनीचा तुकडा, संगमेश्वराजवळच्या वाडीत राहणारे आईवडील, निवृत्तीनंतर परतण्याचा बेत. गाडी तिथे हवी असते आणि तिची निवड मात्र अडीच तास पुढे असलेल्या घड्याळाकडे पाहत, मोबाइलच्या पडद्यावर होते.

सिंगापुरात गाडी घेणे म्हणजे मुळात रस्त्यावरची जागा विकत घेणे. १९९० पासून तेथे गाडी बाळगण्याचा दहा वर्षांचा परवाना लिलावात मिळवावा लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाड्यांच्या गटातील हा परवाना १,५०,००१ सिंगापूर डॉलरवर गेला होता. तेव्हाच्या दराने नव्वद लाख रुपयांच्या घरातली ही रक्कम, आणि त्यात गाडीचा एक नटबोल्टही आला नाही. नव्या डिझेल मोटारींची नोंदणी तर २०२५ पासून बंदच झाली. अशा वातावरणात राहणाऱ्याला भारतातील किमती स्वस्त वाटल्या तर नवल नाही. पण स्वस्त वाटणे वेगळे आणि कर समजून घेणे वेगळे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून भारतात वस्तू आणि सेवा कराची नवी रचना लागू झाली. चार मीटरपर्यंत लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतचे डिझेल इंजिन असलेल्या गाड्यांना १८ टक्के, त्यापुढील गाड्यांना ४० टक्के, आणि वरचा उपकर रद्द. वृत्तपत्रांनी 'गाड्या स्वस्त झाल्या' असा मथळा दिला. तो खोटा नव्हता, पण कोणती गाडी किती स्वस्त झाली यात या निर्णयाचे खरे रूप दिसते. महिंद्राच्या तीन दारी थारचे उदाहरण पुरेसे आहे. या गाडीची लांबी चार मीटरच्या आत आहे. तिच्या दीड लिटर डिझेल, केवळ मागच्या चाकांना जोर देणाऱ्या रूपावरचा कर ३१ टक्क्यांवरून १८ वर आला. तीच थार २.२ लिटर इंजिन आणि चारही चाकांच्या जोरासह घेतली, तर कर ४८ वरून ४० वर आला. कंपनीने जाहीर केलेली कपात पहिल्या प्रकारात १.३५ लाखांपर्यंत आणि दुसऱ्यात १.०१ लाखांपर्यंत होती. मारुतीची जिम्नीही चार मीटरच्या आत बसते, परंतु तिचे पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या वर असल्याने तीही ४० टक्क्यांत गेली. म्हणजे चिखलातून स्वतः बाहेर पडू शकणाऱ्या या दोन सर्वांत आटोपशीर गाड्या सरकारदरबारी चैनीच्या वस्तू ठरल्या. शहरात मिरवण्यासाठी घेतलेली टू-व्हील ड्राइव्ह थार मात्र सामान्यांची गाडी!

यातील विसंगती आणखी एका टोकाला पोहोचते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांवर पाच टक्केच कर आहे, लांबी कितीही असो. टाटांची जून २०२५ मध्ये आलेली हॅरियर ईव्ही दोन मोटारींच्या रूपात चारही चाकांना जोर देते, आणि तिच्यावरचा कर जिम्नीच्या आठव्या हिश्शाइतका आहे. प्रदूषणाच्या दृष्टीने त्याला कारण आहे. परंतु भारनियमन असलेल्या वाडीतल्या माणसाला ते कारण उपयोगाचे नाही. सिंगापूरचा कर निदान रस्त्यावरची गर्दी मोजतो. भारताचा कर इंजिनाचा आकार आणि लांबी मोजतो. गाडी कुठल्या वाटेने जाणार आहे हे दोघेही विचारत नाहीत.

वाटेचा प्रश्न मग खरेदीदारालाच सोडवावा लागतो, आणि येथे बहुतेकांची गल्लत होते. चारही चाकांना जोर मिळाला म्हणजे गाडी कुठेही जाईल, असे मुळीच नाही. साध्या डिफरन्शियलची खोड अशी की ज्या चाकाला पकड नाही तेच चाक गरगर फिरते. तिरक्या चढणीवर एक पुढचे आणि एक मागचे चाक अधांतरी झाले, तर फोर-बाय-फोरही जागेवर खोळंबते. त्यासाठी डिफरन्शियल लॉक लागतो. फोर्स मोटर्सच्या गुरखात तो पुढे आणि मागे दोन्हीकडे आहे. पाच दारी थार रॉक्सच्या डिझेल फोर-बाय-फोरमध्ये मागच्या बाजूला विजेवर चालणारा आहे. जिम्नी ब्रेकच्या साहाय्याने फिरते चाक अडवते. दुसरी गोष्ट लो-रेंज गिअरची. दगडधोंड्यांच्या उतारावर ब्रेक न तापवता गाडी चालीच्या वेगाने उतरवणे हे याच गिअरचे काम. शहरी 'ऑल-व्हील ड्राइव्ह' गाड्यांमध्ये सहसा ते नसते. आणि अशा पार्ट-टाइम गाडीत कोरड्या डांबरावर चारही चाके जोडून वळणे घेऊ नयेत, नाहीतर यंत्रणेवरच ताण येतो. ही साधी सूचना किती मालकांना ठाऊक असते, हा प्रश्नच आहे.

त्यातही महाराष्ट्राची माती एक नाही. कोकणातील जांभ्याचा कच्चा रस्ता पावसात निसरडा होतो, पण खाली बहुधा कठीण असतो. तिथे चाकाला पकड आणि पोटाखाली उंची हवी. देशावरची काळी माती याच्या उलट. ती ओली झाली की टायरच्या खाचांत भरते, चाक गुळगुळीत दगडासारखे होते आणि जड गाडी स्वतःच्या वजनाने रुतत जाते. अशा शेतात जेमतेम बाराशे किलोची जिम्नी तिच्याहून कितीतरी दमदार गाड्यांना मागे टाकते. गडचिरोलीत पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. तिथे कोणत्याही गाडीचा गिअर कामाचा नसून पाणी उतरेपर्यंत थांबण्याची सवड कामाची. माहितीपत्रकात गुरखासाठी ७०० आणि थारसाठी ६५० मिलिमीटर खोल पाण्याची मर्यादा दिलेली असते. ती स्थिर पाण्याची, वाहत्या ओढ्याची नव्हे. टायरचा विचारही आधी करायला हवा. चांगल्या ऑल-टेरेन टायरांवरची साधी गाडी जिथे पोहोचते, तिथे गुळगुळीत टायरांवरची फोर-बाय-फोर अडकून पडल्याचे कुठल्याही घाटातला ट्रॅक्टरवाला सांगेल. ओढून काढायला बोलावतात ते त्यालाच.

टिकाऊपणाचा खरा इतिहास तर वडापच्या जीपगाड्यांनी लिहिला आहे. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला वडाप म्हणतात आणि मराठवाड्यात काळी-पिवळी, त्या वाहतुकीत महिंद्राची कमांडर आणि फोर्सची ट्रॅक्स यांनी दुप्पट माणसे भरून वर्षानुवर्षे वाड्यावस्त्या जोडल्या. यांतील बहुतेक गाड्यांना फोर-बाय-फोर नव्हतेच. त्यांची ताकद होती पाट्यांच्या स्प्रिंगा, जाड चासी आणि तालुक्याच्या गावी झाडाखाली बसलेला मिस्त्री. आज ती जागा बोलेरोने घेतली आहे. ती चार मीटरच्या आत, दीड लिटर डिझेल, मागच्या चाकांची, आणि म्हणून १८ टक्क्यांत. ग्रामीण भागातील गाडीची निवड करताना परदेशस्थ माणसे ज्या गाडीकडे ढुंकून पाहत नाहीत, ती बहुधा हीच असते. वाडीचा रस्ता वर्षातले दहा महिने कोरडा असेल आणि उरलेल्या दोन महिन्यांत गाडी पाचशे मीटर अलीकडे ठेवता येत असेल, तर फोर-बाय-फोरचे पैसे वाया गेले असेच म्हणावे लागेल.

ज्यांना खरोखरच जोर हवा, त्यांच्यापुढील पर्याय मोजके आहेत. आईवडील सत्तरीच्या पुढे असतील तर तीन दारी थार आणि तीन दारी गुरखा आधीच बाद करावी. मागच्या बाकावर चढणे तरुणालाही कसरतीचे असते, आणि संधिवाताच्या गुडघ्यांना ते जमत नाही. पायरी बसवली तर पोटाखालची उंची कमी होते. थार रॉक्स, स्कॉर्पिओ-एन आणि पाच दारी गुरखा या डिझेल गाड्या मग उरतात. पहिल्या दोन महिंद्राच्याच कारखान्यांतून, अनुक्रमे नाशिक आणि चाकणहून येतात. सुटे भाग आणि सर्व्हिस या दृष्टीने महाराष्ट्रात त्यांना तोड नाही. गुरखा यंत्र म्हणून अधिक दणकट. मार्च २०२५ मध्ये संरक्षण दलांनी २,९७८ गुरखांची मागणी नोंदवली तेव्हा 'लष्कराने पसंत केलेली गाडी' अशी तिची जाहिरात आपोआप झाली. मात्र लष्कराकडे स्वतःची कार्यशाळा असते, चिपळूणच्या निवृत्त शिक्षकाकडे नसते. फॉर्च्युनरचे नाव निघतेच. विश्वासार्हतेत ती सर्वांच्या पुढे आहे आणि किमतीतही. पण पुढाऱ्यांच्या ताफ्यात दिसते म्हणून ती फोर-बाय-फोर असेलच असे नाही, ती टू-व्हील ड्राइव्ह रूपातही मिळते.

वर्षाचे अकरा महिने मालक हौगांगमध्ये आणि गाडी पडवीत, ही परिस्थिती मात्र कोणत्याही परीक्षणात धरलेली नसते. आधुनिक डिझेल गाडीतील काजळी अडवणारी गाळणी लांब पल्ल्याच्या धावेत तापून स्वच्छ होते. बाजारापर्यंतच्या दोन किलोमीटरच्या फेऱ्यांनी ती तुंबते. पेट्रोलचा मार्गही निर्वेध नाही, कारण आता पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे मिश्रण मिळते आणि इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते; टाकीत महिनोन्‌महिने पडलेले इंधन पावसाळ्यात बरे नव्हे. खाऱ्या वाऱ्याने चासीला गंज चढतो, उंदीर वायरी कुरतडतात, बॅटरी बसते. दर पंधरवड्याला गाडी तासभर महामार्गावर फिरवणारा विश्वासू माणूस गावात असेल तर डिझेल घ्यावे. नसेल तर जिम्नी, टाकी थोडकी भरून.

सिंगापुरातली गाडी उचलून भारतात नेण्याचा विचारही अनेकांच्या मनात येतो, कारण स्टिअरिंग दोन्हीकडे उजव्या बाजूलाच. वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, ती मुंबई बंदरातूनच आणावी लागते आणि तिच्यावरचा कर गाडीच्या मूल्याहून अधिक होतो. त्याऐवजी गावच्या पत्त्यावर, शक्यतो तिथे राहणाऱ्या व्यक्तीच्या नावे नवी गाडी घेणे सोयीचे. महाराष्ट्रात डिझेल गाडीवरचा एकरकमी रस्ता कर किमतीनुसार १३ ते १५ टक्के आहे, पेट्रोलवर दोन टक्के कमी. शोरूमच्या किमतीवर तो आणि विमा चढवूनच हिशेब करावा. आणि पैसे भरण्यापूर्वी एक चक्कर त्या वाटेवर मारावी, जुलैमध्ये, मे महिन्यात नव्हे.