कंपासानें अक्षर होत नाहीं

‘फ्यूचुरा’ या रोमन टाइपाचें नांव निघालें कीं, ‘हीं शुद्ध भूमितीचीं अक्षरें’ असें म्हणण्याची एक रीतच पडून गेली आहे. या स्तुतींतून पुढें असाहि सिद्धांत काढला जातो कीं, अक्षरास परंपरा नको, हाताचें वळण नको. पट्टी व कंपास असला म्हणजे झालें. आम्हांस हें मत सर्वस्वीं अमान्य आहे. आणि त्याविरुद्ध साक्ष देण्यास खुद्द फ्यूचुराच समर्थ आहे.

पॉल रेनर यांनीं आंखलेला हा टाइप फ्रँकफुर्टच्या बाउअर फौंड्रीनें १९२७ सालीं बाजारांत आणला. आरंभींच्या आराखड्यांत कांहीं अक्षरें खरोखरच भूमितीच्या तुकड्यांनीं जुळविलेलीं होतीं; लहान ‘आर’ म्हणजे एक उभी रेघ व शेजारीं एक टिंब! तीं मागें पडलीं. टिकलें तें काय? मोठ्या अक्षरांचीं प्रमाणें प्राचीन रोमन शिलालेखांचीं आहेत: ‘ओ’ भरदार गोल, तर ‘ई’, ‘एफ’, ‘एल’ अरुंद. लहान ‘बी’ची वाटी उभ्या रेघेस जेथें मिळते तेथें ती बारीक केली आहे, तशी न केली तर तेथें काळा डाग दिसतो. म्हणजे नियम मोडला, तेव्हां कोठें नियम पाळल्याचा भास झाला. आंखणी कंपासाची असेल. निवाडा मात्र डोळ्याचा आहे.

परंपरेचा कैवार म्हणजे प्रतिगामीपणा, असा आक्षेप येईल. परंतु नाझींच्या सांस्कृतिक धोरणावर १९३२ सालीं पुस्तिका लिहून टीका करणारे रेनरच होते. १९३३ सालीं त्यांना अटक झाली व म्युनिकच्या मुद्रणविद्यालयांतील जागाहि गेली. अशा पुरुषास प्रतिगामी कोण म्हणेल? तरीहि रोमन शिलालेख त्यांना त्याज्य वाटले नाहींत.

या टाइपाचे भक्त चंद्राकडे बोट दाखवितात. १९६९ सालीं अपोलो ११ च्या यात्रिकांनीं तेथें ठेवलेल्या पाटीचा मजकूर फ्यूचुरांत आहे, हें खरें. मान मोठाच, पण ती पाटी आहे! चार ओळी, सारीं मोठीं अक्षरें. तीनशें पानांचा ग्रंथ ही पाटी नव्हे. फ्यूचुराच्या लहान ‘ए’ व ‘ओ’ यांत एका उभ्या रेघेचा भेद. ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘क्यू’ हीं तर एकमेकांचीं उलटींसुलटीं प्रतिबिंबें. धांवत्या वाचनांत आपण अक्षरांचे चेहरे ओळखतों; सर्वांस एकच मुखवटा चढविला तर वाचकानें ओळखावें कसें?

मथळ्यास, पाटीस, जाहिरातीस फ्यूचुरा अवश्य वापरावा. तेथें तो शोभतो. ग्रंथाच्या पानावर मात्र ज्यांना तो ‘शास्त्रशुद्ध’ म्हणून लादावयाचा आहे, त्यांनीं आधीं रेनर यांचीं अक्षरें भिंगाखालीं धरून पाहावींत. शास्त्र कोठें संपलें व कला कोठें सुरू झाली, हें त्यांतच स्पष्ट लिहिलेलें आहे.