घाटात असं होतंच, म्हणू नका



सुट्ट्या जवळ आल्या की हल्ली आपल्या मंडळात एकच विषय असतो. कॅराव्हॅन कोणी घेतली, कोणाकडे भाड्याने मिळते, दिवसाचं भाडं किती. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे हे आता श्रीमंतांचंच खूळ राहिलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर ही गाडी आपल्याइतकी कोणाच्याच सोयीची नाही. आपलं स्वयंपाकघर बरोबर, उकळलेलं पाणी बरोबर, सूर्य मावळायच्या आत जिथे असू तिथे जेवण. हॉटेलात "कांदा नको, लसूण नको, बटाटाही नको" अशी जपमाळ ओढायला नको.

तेव्हा माझं भांडण गाडीशी नाही. माझं भांडण आहे ते गाडीतल्या कपाटांकडे आपण ज्या नजरेने बघतो त्याच्याशी.

गाडी दाखवणारा माणूस आधी टीव्ही दाखवतो, मग बाथरूम, आणि शेवटी डोक्यावरची कपाटं उघडून म्हणतो, "ताई, जागा बघा किती!" आपण खूश. पण किती मावतं हा दुय्यम प्रश्न आहे. चालत्या गाडीत हे दार बंद राहतं का, हा पहिला प्रश्न आहे आणि तो कोणी विचारत नाही. घरचं कपाट वर्षानुवर्षं एका जागी उभं असतं, त्याला चुंबकाची पट्टी पुरते. गाडीचं कपाट रोज भूकंपात उभं असतं. त्याला खटका हवा, दाबल्याशिवाय न सुटणारा. नुसत्या चुंबकाने बंद होणारं दार म्हणजे उघडंच दार.

आपण राहतो कुठे, तेही बघा. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना थोड्याशा अंतरात पाचशे मीटरहून जास्त उतार आहे. रेल्वेने बोरघाट १८६३ मध्ये सर केला, तरी आजही मुंबईकडून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिन लावावं लागतं. रेल्वे ज्या चढाचा दीडशेहून जास्त वर्षं मान ठेवते, तिथे आपण काचेच्या बरण्या मोकळ्या ठेवून निघतो!

गेल्या वर्षी आम्ही एका भाड्याच्या गाडीने घाट उतरत होतो. जिथे पूर्वी अमृतांजन पूल होता, त्या वळणाच्या आसपास डोक्यावरचं कपाट उघडलं आणि साखरेचा भरलेला डबा दोन सीटांच्या मधल्या वाटेत पडला. दोन मिनिटांपूर्वी त्या वाटेत माझी नात उभी होती. गाडीवाल्याने मागे वळूनही बघितलं नाही. म्हणाला, "घाटात असं होतंच."

होतंच? मी कॉमर्सची, पण एवढं गणित मलाही येतं. ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी कुठेतरी आदळून जागीच थांबली, तर आतला मोकळा डबा थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जातो. हा वेग म्हणजे साधारण चौदा मीटर उंचीवरून, चार-पाच मजल्यांवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग. पाच किलोचा डबा तेवढ्या उंचीवरून कोणाच्या डोक्यात पडला तर काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. आपण मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालणाऱ्या बायका. मग पोरांच्या डोक्यावर डबे टांगून कशा निघतो?

आता आपल्या बाजूचं उत्तर मला पाठ आहे. "अगं, सगळं लागतंच." लागत नाही. चार दिवसांच्या यात्रेला तीन कढया, दोन मिक्सर आणि लोणच्याच्या सात बरण्या लागत नाहीत. पाण्याची शंभर लिटरची टाकी भरली की तिथेच शंभर किलो वजन झालं. त्यावर माणसं, गाद्या आणि आपली रसद. जितकं वजन जास्त, तितकी गाडी थांबायला जास्त अंतर लागतं आणि उतारावर ब्रेक जास्त तापतात. जमाखर्चात जशी प्रत्येक नोंद कुठेतरी खर्ची पडते, तसा प्रत्येक जादा डबा ब्रेकच्या खात्यावर पडतो. अपरिग्रह व्याख्यानात ऐकायचा आणि कपाटात विसरायचा, हे चालणार नाही.

दुसरं उत्तर : "पूजेची पेटी सगळ्यात वरच हवी." आदर म्हणून वर, मान्य. पण पहिल्या वळणाला खाली येणारी पेटी हा कुठला आदर? पूजेच्या पेटीला स्वतंत्र कप्पा द्या. पुढे उंच काठ हवा, पेटीला पट्टा बांधलेला हवा आणि त्याखाली कोणाची बसायची जागा नको. आदर उंचीत नसतो, सांभाळण्यात असतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर. घरचा लाल सिलिंडर उचलून गाडीच्या कपाटात सरकवणाऱ्या मी पाहिल्या आहेत. तो १४.२ किलोचा सिलिंडर घरगुती वापरासाठी दिलेला असतो, सहलीसाठी नाही. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईत उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वे डब्याला, नियम मोडून आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जणांचा जीव गेला. तीही यात्राच होती. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून गाडीत गॅस असेल तर त्याचा कप्पा वेगळा हवा, तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी आणि सिलिंडर उभा बांधलेला हवा. त्या कप्प्यात दुसरं काही नको, फडकंसुद्धा नको. गाडी चालू असताना गॅस बंद. गाडीवाला म्हणाला "काही होत नाही ताई", तर त्या गाडीत बसू नका.

बाकीची शिस्त सोपी आहे. जड सामान तळाच्या कप्प्यात : तेल, पीठ, कुकर, पाण्याच्या बाटल्या. वर फक्त हलकं : कपडे, टॉवेल, खाखऱ्यांची पाकिटं. कप्प्यात रबरी जाळीची चटई अंथरा, म्हणजे डबे सरकत नाहीत. रिकामी जागा राहिली तर टॉवेल कोंबा, कारण वस्तूला हलायला जागा मिळाली की ती हलणारच. काच शक्यतो घरी ठेवा. सुऱ्या-विळी कापडात गुंडाळून, खटक्याच्या खणात. औषधांचा डबा दाराजवळ, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी. दागिने मात्र कोणत्याच कपाटात नकोत. कपाटाच्या कुलपाची किल्ली चहाच्या कपाशेजारी ठेवून खंडाळ्याला धबधबा बघायला उतरणारी मंडळी चोराचं काम सोपं करतात.

प्रत्येक दाराच्या आतून यादी चिकटवा : काय आहे, किती आहे, कोणत्या तारखेचं आहे. मिठाईची मर्यादा आपल्याकडे पावसाळ्यात १५, उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात ३० दिवस मोजतात. मग डब्यावर तारीख नको का? लोणावळ्याची पावसाळी हवा बंद कपाटात शिरली की दोन दिवसांत बुरशी धरते आणि कीडही होते. निष्काळजीपणाने जीव निपजवायचे आणि मग साफ करताना मारायचे, यापेक्षा कपाट रोज उघडून कोरडं पुसणं बरं. आधीचं आधी संपवा, दुकानदार माल लावतो तसं.

आणि हे काम फक्त बायकांचं नाही. निघताना गाडीचे मालक टायर बघतात, काका टोलचे पैसे बघतात, मुलगा गाणी लावतो. खटके कोण बघतं? घरात नियम करा. कोणीतरी एकाने प्रत्येक दार ओढून बघायचं आणि "सगळं बंद" म्हटल्याशिवाय चालवणाऱ्याने किल्ली फिरवायची नाही. चहाला थांबून पुन्हा निघतानाही तेच. पुरुषमंडळी हसतील. हसू दे.

आपल्याच मावळात, पाले गावाजवळच्या लेण्यात, दोन हजार वर्षांहून जुना ब्राह्मी लेख आहे. अर्हतांना नमस्काराने त्याची सुरुवात होते आणि लेणं व पाण्याचं टाकं खोदवल्याची त्यात नोंद आहे. एक निवारा आणि एक टाकं. दान देणाऱ्याला एवढ्याचीच नोंद ठेवावीशी वाटली. आपण गृहस्थ आहोत, तेवढ्यात आपलं भागणार नाही, मला ठाऊक आहे. पण बरोबर घ्यायचंच असेल तर ते मोजून, बांधून आणि तारीख घालून घ्या. ज्याची नोंद ठेवता येत नाही आणि जे बांधता येत नाही, ते घरी राहू द्या.

पुढची यात्रा ठरली की यादी आधी करा, पिशव्या नंतर भरा.