संशयितांचे काय झाले?

रहस्यकथा-कादंबऱ्यांविषयी आपल्या कुटुंबांतून दोन मते ऐकू येतात. वडीलधाऱ्यांचे मत असे की, ही पुस्तके म्हणजे निव्वळ कालापव्यय. खून, दरोडे आणि विषप्रयोग वाचून मुलांवर कोणते संस्कार होणार? तरुणांचे मत याच्या उलट. पुस्तक एका बैठकीत संपले म्हणजे ते उत्तम. खुनी कोण हे निम्म्यातच ओळखले म्हणजे ते भिकार. पहिले मत पुस्तक न वाचताच दिलेले असते. दुसरे वाचूनही न वाचल्यासारखे. या दोन्ही मतांशी माझे भांडण आहे.

प्रथम वडीलधाऱ्यांविषयी. ज्यात पापाचे वर्णन ते पुस्तक वर्ज्य, असा नियम केला तर सर्वांत आधी बायबलच कपाटात बंद करावे लागेल. उत्पत्तीच्या चौथ्याच अध्यायात भाऊ भावाचा खून करतो. दानीएलच्या ग्रंथाचा तेरावा अध्याय तर सरळ गुन्ह्याच्या तपासाची कथा आहे. दोन प्रतिष्ठित वडीलजन सुसान्नेवर व्यभिचाराचा आळ घेतात. जमलेले लोक त्यांच्या पदाकडे पाहून विश्वास ठेवतात आणि तिला देहदंड ठरतो. तरुण दानीएल त्या दोघांना एकमेकांपासून दूर करतो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: तुम्ही तिला कोणत्या झाडाखाली पाहिले? दोघे दोन निराळी झाडे सांगतात आणि कुभांड उघडे पडते. इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९२८ साली रहस्यकथांचा मोठा संग्रह संपादित केला, तेव्हा त्यात ही कथा आवर्जून घेतली.

या कथेत महत्त्वाचे काय? झाडांचे कोडे चतुराईचे आहे खरे. परंतु कथेचा प्राण त्यात नाही. एक निर्दोष स्त्री मरणाच्या दारातून परत येते, यात तो आहे. माझ्या मते रहस्यकथेची खरी कसोटी हीच. उत्तम रहस्यकथेत गुन्हेगार एक असतो आणि संशयित दहा. म्हणजे नऊ माणसे विनाकारण संशयाचे ओझे वाहत असतात. एकाला पकडणे हे गुप्तहेराचे निम्मे काम. उरलेल्या नऊ जणांना मोकळे करणे हे दुसरे निम्मे. आणि त्या नऊ जणांवर संशय घेणाऱ्यांत आपण वाचकही असतो, हे शेवटच्या पानावर आपल्या ध्यानात येते.

म्हणूनच 'मी आधीच ओळखले' या फुशारकीला मी किंमत देत नाही. कशावरून ओळखले? नोकर तुसडा होता म्हणून? पाहुणा परदेशी होता म्हणून? याला ओळखणे म्हणत नाहीत. हा पूर्वग्रह झाला. सुसान्नेला दोषी ठरविणाऱ्या जमावानेही असेच 'ओळखले' होते. रोनाल्ड नॉक्स हे कॅथलिक धर्मगुरू. त्यांनी बायबलचे इंग्रजी भाषांतर केले आणि रहस्यकथाही लिहिल्या. १९२९ साली त्यांनी या कथांसाठी दहा नियम सांगितले. त्यांतील एक असा की, गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकापुढे मांडला गेला पाहिजे. तो पुराव्याचा मार्ग सोडून जो केवळ तर्काचा बाण मारतो, त्याचा बाण लागला तरी तो चांगला वाचक ठरत नाही.

हा केवळ पुस्तकी वाद नाही. मुंबईचे पारशी शापुरजी एडलजी ख्रिस्ती झाले आणि इंग्लंडमधील ग्रेट वायर्ली गावी अँग्लिकन धर्मगुरू म्हणून राहिले. त्यांचा वकील मुलगा जॉर्ज याला १९०३ साली, रात्री जनावरांना जखमी केल्याच्या आरोपावरून, सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी तो सुटला. कलंक मात्र सुटला नाही. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल त्याला भेटले, तेव्हा तो वर्तमानपत्र अगदी डोळ्यांजवळ धरून वाचत होता. डॉयल यांनी नेत्रवैद्यकाचा अभ्यास केलेला होता. इतक्या अधू दृष्टीचा माणूस काळोखात शेते तुडवीत जाऊन असा गुन्हा करील कसा, हा प्रश्न त्यांनी १९०७ साली वृत्तपत्रातून जाहीरपणे विचारला. त्याच वर्षी जॉर्जला माफी मिळाली, भरपाई मात्र मिळाली नाही. गावाने काळ्या वर्णाच्या कुटुंबाकडे पाहून जे 'ओळखले' होते, ते एका रहस्यकथाकाराने तपासून खोटे ठरविले.

आपल्या गावांत याहून निराळे काय घडते? विहिरीवरचा पंप चोरीला गेला की तासाभरात चोराचे नाव ठरते. ते नाव बहुधा परप्रांतीय मजुराचे असते किंवा ज्याचे कोणाशी पटत नाही त्याचे. आता तर मोबाइलमुळे तासही लागत नाही. पंप पुढे सापडतो. त्या माणसाची अब्रू कोणी परत करीत नाही. संशय आणि पुरावा यांतील अंतर ज्या पुस्तकातून मुलांना कळते, त्याला आपण वाया गेलेला वेळ म्हणावे काय?

बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्या ओढीने मराठी माणसांच्या एका पिढीला वाचनाची गोडी लागली. ती पिढी दरोडेखोर झाल्याचे ऐकिवात नाही.

आक्षेपच घ्यायचा तर योग्य ठिकाणी घ्या. ज्या थरारकथांत पानागणिक प्रेते पडतात आणि त्यांतील एकाचेही नाव कोणी विचारीत नाही, त्या मला खुपतात. रहस्यकथा एका मृत्यूसाठी सारे घर थांबविते. अशी थरारकथा शेकडो मृत्यू ओलांडून पुढे धावते. अर्थात थरार म्हणजे हलकेपणा, असेही नव्हे. ग्रॅहॅम ग्रीन यांच्या १९३८ सालच्या 'ब्रायटन रॉक'मध्ये कोवळ्या वयाचा खुनी आहे, पाठलाग आहे. पण त्या मुलाच्या आत्म्याचे काय होणार, ही चिंता वाचकाला सोडीत नाही. चेस्टरटन यांचा फादर ब्राऊनही गुन्हेगाराला शोधतो, तो स्वतःच्या अंतःकरणात तीच दुष्प्रवृत्ती ओळखून.

तेव्हा पालकांनो, मुलाच्या हातातील पुस्तक हिसकावू नका. आधी स्वतः वाचा. आणि मुलाने ते संपविल्यावर खुनी कोण निघाला, हे विचारू नका. ज्यांच्यावर उगाच संशय घेतला गेला त्यांचे पुढे काय झाले, एवढे विचारा. त्याला उत्तर देता आले, तर पुस्तकही चांगले आणि वाचकही.