मोडीच्या भावानें

गेल्या वैशाखांत आम्ही चार दिवस राधानगरीच्या घरीं गेलों होतों. आमच्या काकूंना आतां शहाऐंशीवें वर्ष चालू आहे. नजर अंधुक झाली असली तरी घरांतील प्रत्येक वस्तूची जागा त्यांस तोंडपाठ आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं न्हाणीघरांतून त्यांनीं हांक मारून विचारलें, "अरे, आपलें मोठें घंगाळ कुठें आहे?" आम्हीं आणि आमच्या धाकट्या बंधूंनीं एकमेकांकडे पाहिलें. ज्या सालीं घराचें छप्पर उतरविलें, त्या सालीं माळ्यावरील आणखी सात-आठ भांड्यांबरोबर तें घंगाळ आम्हीं मोडींत घातलें होतें. काकूंस सांगण्याचा धीर तेव्हां झाला नाहीं, तो आतां कोठून होणार? "कल्हईला दिलें आहे," असें बंधूंनीं दडपून सांगितलें. काकू क्षणभर थांबल्या. "तांब्याच्या घंगाळाला कल्हई?" एवढेंच बोलून त्यांनीं प्लॅस्टिकच्या बादलीतलें पाणी अंगावर घेतलें.

स्वयंपाकाच्या भांड्यास कल्हई लागते, कारण आंबट पदार्थ उघड्या तांब्या-पितळेंत कळकतो. स्नानाच्या भांड्यास ती कोण लावील? आयुष्यभर चूल सांभाळलेल्या बाईसमोर असली थाप टिकणारी नव्हती. तरी ती निस्तरण्याच्या वेड्या आशेनें आम्ही उभयतां बंधु दुसऱ्याच दिवशीं कोल्हापुरास निघालों.

राधानगरी हें गांव कांहीं फार पुरातन नव्हे. शाहू महाराजांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत भोगावतीवर धरण बांधण्याचें मनावर घेतलें, आणि आपल्या कन्या राधाबाई यांच्या नांवानें येथें गांव वसविलें. येथील आठवडे बाजारांत बुरुडाचीं सुपें, रोवळ्या, मातीचीं मडकीं, नाचणी, विळे-कोयते असा नित्याच्या गरजेचा माल मिळतो. जुनें कांहीं हवें असल्यास सुमारें पन्नास किलोमीटर जाऊन कोल्हापूरच गांठावें लागतें. आमचीं भांडीं याच बाजारांतून एका फिरत्या भांडेवाल्यानें नेलीं होतीं. त्यानें तीं तोललीं, वजनाचे पैसे मोजले, आणि आमच्या आग्रहावरून चार स्टीलचे डबे वर दिले. त्या दिवशीं सौदा मोठा फायद्याचा झाला असें वाटून आम्हीं त्यास चहाही पाजला होता!

कोल्हापुरांत महाद्वार रस्त्यानें पायीं हिंडण्यासारखें दुसरें सुख नाहीं, असें आमचें प्रांजळ मत आहे. ज्यांस सर्व वस्तु एकाच छपराखालीं, थंड हवेंत आणि छापील किंमतींत हव्या असतात त्यांनीं या वाटेस जाऊं नये. येथें एकेका वस्तूची एकेक गल्ली. गुजरींत शिरावें तर साज, ठुशी, बोरमाळ. पापाच्या तिकटीकडे वळावें तर आणखी निराळी दुनिया. भवानी मंडपाच्या आसपास चपलांचीं दुकानें ओळीनें लागलीं आहेत. यांपैकीं कित्येक दुकानें एकाच घराण्यानें दोन-तीन पिढ्या चालविलेलीं. गिऱ्हाइकाचा पाय पाहूनच माप सांगणारा म्हातारा दुकानदार आम्हीं येथें पूर्वीं पाहिला आहे, आणि या खेपेसही एक भेटला.

त्याच्याशीं बोलतां बोलतां अर्धा तास गेला. अस्सल चपलेचें कातडें बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावितात, तळ आणि पट्टे चामड्याच्याच वादीनें शिवतात, आंत खिळा नसतो. पट्ट्यावरील बारीक वेणी बहुधा घरच्या बायका विणतात. २०१९ सालीं या चपलेस भौगोलिक मानांकन मिळालें. त्यांत महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकांतील बेळगांव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे येतात. पुढें २०२५ च्या जून महिन्यांत मिलान येथील एका प्रदर्शनांत प्राडा या इटालियन पेढीनें हुबेहूब तसल्याच चपला मूळ कारागिरांचें नांवही न घेतां मांडल्या. इकडे मोठा गहजब झाला, तेव्हां पेढीनें त्यांचें मूळ भारतीय कारागिरींत असल्याचें मान्य केलें. हा विषय काढतांच म्हातारा हंसला. "त्यांनीं चोरली तेव्हां तुम्हांला ती आपली वाटली," तो म्हणाला. यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आमच्या पायांत त्या वेळीं कारखान्यांतले बूट होते.

भांड्यांच्या दुकानांत मात्र निराशा झाली. तांब्याच्या बाटल्या आणि पेले पुष्कळ होते, त्यांवर हातोडीचे ठोकेही होते. पण सगळे ठोके एकसारखे, एका रांगेंत, यंत्रानें उठविलेले. घंगाळ विचारतांच मालकांनीं आम्हांस नीट न्याहाळलें व मग आंतल्या अंगाच्या एका गल्लीतील जुन्या वस्तूंच्या दुकानाची वाट सांगितली.

तें दुकान म्हणजे एखाद्या एकत्र कुटुंबाचा माळाच खालीं उतरला होता. समया, लामणदिवे, पानाचे डबे, अडकित्ते, पुरणाचीं यंत्रें, पाटे, पितळी फणींपेट्या, लंबकाचीं घड्याळें, हातानें फिरवावयाचा ग्रामोफोन. एका कोपऱ्यांत शेर, अधोली, पायली हीं मापें एकांत एक घालून ठेविलेलीं. चार शेरांची पायली व तिची निम्मी ती अधोली, हा हिशेब आमच्या आजीस बोटांवर येत असे. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें-मापें आलीं आणि हीं सारीं अडगळींत गेलीं. हल्लीं पुण्या-मुंबईचे लोक त्यांत फुलझाडें लावतात असें दुकानदारानें सांगितलें. त्याचा सूर तक्रारीचा नव्हता. त्यावर त्याचा संसार चालतो.

मुंबईचा चोरबाजार आम्हीं पाहिला आहे, तेथेंही हाच माल दिसतो. पण असल्या बाजारांत हिंडून काय साधतां येतें याचें उदाहरण पाहावयाचें तर पुण्यास जावें. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे चष्म्यांच्या दुकानावर बसणारे गृहस्थ, 'अज्ञातवासी' या नांवानें कविता करीत. जुने वाडे मोडत असतां त्यांतून निघणारे दिवे, दौती, अडकित्ते, वज्र्या, दरवाजे ते पदरमोड करून जमवीत गेले. पुत्र राजा लहानपणींच गेला. त्याच्या नांवानें संग्रहालय उभें राहिलें, आणि सुमारें वीस हजार वस्तूंचा तो संग्रह त्यांनीं सरकारच्या स्वाधीन केला. त्यांनीं राजांचे मुकुट शोधले नाहींत. तुमच्या-आमच्या माजघरांतली अंग घासावयाची वज्री शोधली. ज्या वर्षांत ते दारोदार फिरत होते त्याच वर्षांत आपलीं घरें बोहारणीस जुनेर देऊन भांडीं घेत होतीं आणि भांडीं देऊन दुसरीं भांडीं घेत होतीं.

खरेदीस निघणाऱ्या वाचकांसाठीं दोन शब्द. जुनें घंगाळ वा हंडा एकसंध पत्र्याचा क्वचितच असतो. भाग निरनिराळे ठोकून ते जोडलेले असतात, आणि सांध्यावर डाखाची पिवळसर रेघ दिसते. झीज योग्य जागीं आहे का तें पाहावें. बुडाशीं, कड्यांच्या आंतील बाजूस, कांठावर धातु पातळ झालेली असावी. नवी वस्तु रसायनानें काळी करून जुनी म्हणून विकतात, तिच्यावरील काळेपणा सर्वत्र सारखा असतो. खरा काळेपणा हाताच्या घर्षणानें जागोजाग उजळलेला दिसतो. आणखी एक. देवघरांतील जुन्या मूर्ती कोणास देण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा. १९७२ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती-चित्रादि वस्तूंचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं व खासगी माणसास त्या देशाबाहेर नेतां येत नाहींत.

घंगाळ शेवटीं एका जात्याच्या मागें सांपडलें. आकार तोच, कड्याही तशाच. बंधु हर्षानें ओरडले, "अहो, हें आपलेंच!" परंतु उजेडांत आणून पाहतां कांठाखालीं ठिपक्या-ठिपक्यांनीं ठोकलेलीं अक्षरें दिसलीं. एका स्त्रीचें नांव, 'यांस आजोळाकडून भेट' आणि शके १८५७. नांव येथें देत नाहीं. तिचीं नातवंडें हा अंक वाचीत असण्याचा संभव आहे. किंमत त्या दिवसाच्या मोडीच्या भावाच्या तिपटीहून अधिक होती. घासाघीस करण्याची आम्हांस लाज वाटली, तरी केली; दुकानदारानें शंभर रुपये सोडले. गिऱ्हाइकांस नको असल्यास नांव घासून काढून देतों, असेंही तो म्हणाला. आम्हीं तें राहूं दिलें.

रात्रीं घरीं पोंचल्यावर बंधूंनीं घंगाळ काकूंपुढें ठेवलें. "आणलें बरें का, काकू." काकूंनीं कड्या उचलून पाहिल्या, मग कांठाखालून बोटें फिरवूं लागल्या. बोटें अक्षरांवर थांबलीं. आम्ही श्वास रोखून उभे होतों. दोन वेळां पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांनीं तीं चांचपलीं.

"माझ्यावर माझ्या माहेरचें नांव होतें," त्या म्हणाल्या. "ही दुसरी कोणी."

बंधूंनीं तेव्हां सगळें सांगितलें: छप्पर, माळा, भांडेवाला, स्टीलचे डबे. काकू रागावल्या नाहींत. तें आम्हांस रागावण्यापेक्षां जड गेलें. बऱ्याच वेळानें त्यांनीं विचारलें, "हिला तरी घरच्यांनीं विचारलें असेल का रे, विकतांना?"

दुसऱ्या दिवशीं पहांटे त्यांनीं स्वतःच सुनेकडून चिंच-मीठ मागून घेतलें आणि घंगाळ घासावयास बसल्या. आंघोळ त्यांतल्याच पाण्यानें केली. एक कडी सैल झाली आहे, ती पुढल्या खेपेस तांबटाकडून आवळून आणावी, आणि या वेळीं खरेंच तांबटाकडे न्यावें, असें आम्हांस निघतांना बजावलें आहे.