लिहायची जागा मला निवडू द्या

मी अनुवादक आहे. गेल्या महिन्यात एका प्रोग्रामच्या चार ओळींच्या चौकटीत दीड पान मराठी टाइप केलं. जोडाक्षरं इतकी बारीक की रफार दिसेना. प्रोग्राम बंद पडला आणि सकाळभराचं काम गेलं. माझा विम एडिटर असता तर अक्षर हवं तेवढं मोठं झालं असतं आणि मजकूरही बहुधा वाचला असता, कारण १९९१पासून वापरात असलेला हा एडिटर लिहितालिहिता वेगळी स्वॅप फाइल राखतो.

प्रोग्रामने लिहिण्यासाठी बाहेरचा एडिटर उघडू देणं अवघड नाही. फाइलींतल्या बदलांचा हिशेब ठेवणारं 'गिट' पाहा : बदलाची नोंद लिहायची वेळ आली की ते मजकूर एका फाइलीत ठेवून तुमच्या आवडीचा एडिटर उघडतं, तुम्ही तो बंद करेपर्यंत थांबतं, मग फाइल वाचून पुढे जातं. 'जॉप्लिन' या टिपणांच्या अ‍ॅपमध्येही बाहेरच्या एडिटरात लिहिता येतं. मग कार्यालयीन सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी हे दार बंद का ठेवावं? गोपनीय मजकूर तात्पुरत्या फाइलीत मागे राहील, ही भीती खरी आहे. तेव्हा काम संपताच फाइल पुसून टाका. पण पुढच्या आवृत्तीत प्रत्येक मोठ्या चौकटीशेजारी 'माझ्या एडिटरात उघडा' हे बटण द्याच.