स्टेडियम सरकारी जमिनीवर, मग चावी कुणाकडे?

कंधारमध्ये ज्या मैदानावर आम्ही क्रिकेट खेळत वाढलो, ते वर्षातले निम्मे दिवस आमचं नसायचंच. लग्नसराईत मंडप, निवडणुकीत सभा, पावसाळ्यात चिखल. उरलेल्या दिवसांत असरची नमाज झाली की मगरिबच्या अजानपर्यंत जेवढा खेळ होईल तेवढा. पोलिस भरतीची तयारी करणारी पोरं आजही पहाटे रस्त्याच्या कडेनं पळतात आणि मागून ट्रकचा हॉर्न वाजला की खाली उतरतात.

16 मे 2025 रोजी वानखेडेवर रोहित शर्माच्या नावाच्या स्टँडचं उद्घाटन झालं. त्या कार्यक्रमात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी एक लाख प्रेक्षक बसतील अशा नव्या स्टेडियमसाठी मुंबई क्रिकेट असोसिएशनला जागा देण्याची तयारी दाखवली. क्रिकेटवेडा म्हणून मला आनंद झाला. पण जमीन राज्याची असेल तर ती तुमची-माझीही आहे. मग स्टेडियम कुणाचं होणार?

वानखेडेचा इतिहासच बघा. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. तिकिटांच्या वाट्यावरून क्लबचं आणि असोसिएशनचं वाजलं, आणि असोसिएशननं थोड्याच अंतरावर स्वतःचं स्टेडियम उभारलं. जानेवारी 1975 मध्ये तिथं पहिली कसोटी झाली. चावी दुसऱ्याकडे असली की काय होतं, हे असोसिएशनला चांगलंच माहीत आहे. पण ज्या जमिनीवर वानखेडे उभं राहिलं ती सरकारची, भाडेपट्ट्यानं दिलेली. पट्ट्याची मुदत संपल्यावर 2019 मध्ये जिल्हाधिकारी कार्यालयाला थकबाकीसाठी नोटीस काढावी लागली.

दुसरं उदाहरण पोलिस बंदोबस्ताचं. 2023 मध्ये राज्य सरकारनं क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचे दर कमी केले, तेही 2011 पासून मागे जाऊन. आयपीएल सामन्यांची 14.82 कोटींची थकबाकी माफ का करता, असा जाब मुंबई उच्च न्यायालयानं 2024 मध्ये विचारला. आता आपला हिशेब मांडू. तालुका क्रीडा संकुलासाठीच्या अनुदानाची मर्यादा आज 5 कोटी आहे. म्हणजे एवढ्या रकमेत जवळपास तीन तालुक्यांची संकुलं झाली असती.

कुणी म्हणेल, सरकारकडे मालकी ठेवली की गेटला कुलूप लागतं आणि आत गवत वाढतं. हे खोटं नाही. नुसती मालकी पुरत नाही, हे लंडननंही पाहिलं आहे. 2012 च्या ऑलिंपिकचं स्टेडियम तिथं सार्वजनिक मालकीचं राहिलं, पण वेस्ट हॅम क्लबला 99 वर्षांच्या करारानं इतक्या कमी भाड्यात दिलं गेलं की तोटा करदात्यांच्या गळ्यात पडला. म्हणून मालकीइतकाच करार महत्त्वाचा.

वक्फच्या जमिनीचा मुतवल्ली मालक नसतो, हे आपल्याला घरातूनच माहीत असतं. त्यानं सांभाळायचं आणि हिशेब द्यायचा. सार्वजनिक जमीनही अशीच अमानत आहे. नव्या स्टेडियमसाठी माझं म्हणणं एवढंच: जमीन भाडेपट्ट्यानंच द्या, भाडं ठरावीक वर्षांनी वाढवा आणि करार सगळ्यांना वाचता येईल असा जाहीर करा. सामन्यांच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा तालुक्यांच्या मैदानांना द्या. सामने नसतील तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतल्या खेळाडूंना तिथं सराव करू द्या.

गुणवत्ता आपल्याकडे कमी नाही. पॅरिस पॅरालिंपिकमध्ये भारताचा झेंडा धरणाऱ्या दोघांपैकी एक भाग्यश्री जाधव, आपल्या शेजारच्या मुखेड तालुक्यातली. 2018 चा महाराष्ट्र केसरी बाला रफिक शेख, तोही गावच्या मातीतून वर आला.

मुंबईच्या करारावर आपण लगेच सही थांबवू शकत नाही, पण सुरुवात घरापासून करू शकतो. तालुका क्रीडा संकुल समितीत आमदार असतात, तहसीलदार असतात. निधी किती आला, कुठं खर्च झाला आणि संकुल कुणासाठी किती वाजता उघडतं, हे माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर विचारता येतं. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. या महिन्यात मी कंधारसाठी अर्ज टाकतोय. तुम्ही तुमच्या तालुक्यासाठी टाका.